साखरेचा दाणा धरेना

बैठकीतल्या पोरांनी यंदा दिवाळीच्या वहीसाठी लिहा म्हणून माझ्यामागं टुमणं लावलंय. ज्यानं त्यानं आपल्या कामाबद्दल लिहायचं आणि मग चार दिवस ती वही सगळ्यांसमोर वाचायची, असा बेत आहे. गाडीवानानं लिहिलं, भट्टीवाल्यानं लिहिलं. माझ्याबद्दल पोरांना एवढंच ठाऊक, की हा येसू म्हातारा पूर्वी साखरेच्या कोठीवर बाटल्यांच्या खोलीत होता. एकानं विचारलं, "आजा, तुम्ही औषधं बनवायचा का?" नाही रे बाबा. मी काय बनवायचो ते मलाच नीट ठाऊक नव्हतं, तर तुला काय सांगू?

ही थट्टा नाही. इतकी वर्षं मी त्या खोलीत काढली, पण तिथं जे शिकलो त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि जे कळलं ते पुढं चूक निघालं. तरी लिहितो. कपाळाला हात लावायचा असेल तर वाचून झाल्यावर लावा.

आमची कोठी, म्हणजे उसाचा मळा आणि कारखाना, या बेटावर क्वात्र बॉर्न गावाच्या खालच्या अंगाला. गुलामी उठून वीसेक वर्षं झाली असतील, आगगाडी अजून यायची होती. कोठीवर आम्ही मराठी घरं थोडी, बाकी बिहारकडचे लोक जास्त. मी आणि रघू एकाच जहाजानं आलो, म्हणून जहाजभाऊ. सख्ख्या भावाशी भांडण झालं तर माणूस वर्षभर बोलत नाही, पण जहाजभावाशी दुपारपर्यंतही अबोला टिकत नाही. रघू कारखान्यात चुन्यावर होता. चुन्याचा शिंतोडा उडून त्याचा एक डोळा गेलेला. पण जीभ अशी, की तिला तोड नाही.

आता चुन्याचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उसाचा रस निघतो तेव्हाच त्यात थोडा आंबटपणा असतो. तो तसाच कढवला तर साखर बिघडते. म्हणून रसात चुन्याचं पाणी घालायचं, आंबट मारायचं. मळी वर येते ती काढायची, रस आटवायचा, पाक थंड करायचा, की दाणा धरतो. चुना कमी पडला तर दाणा धरत नाही. जास्त झाला तर पाक काळपट होतो आणि त्याला वास मारतो. हे माप रघू बोटावर थेंब घेऊन, जिभेला लावून सांगायचा. "अजून अर्धं डबडं," म्हणायचा, आणि ते अर्धं डबडंच लागायचं.

मालकाला मात्र जिभेवर भरवसा नव्हता. त्यानं फ्रान्सहून एक रसायनवाला आणला, मुस्ये ऑगस्त; मुस्ये म्हणजे साहेब. लांब, वाळका, कायम काहीतरी हरवल्यासारखा. त्याला बाटल्या धुवायला माणूस पाहिजे होता. माझ्या हातून काच फुटत नाही असं कुणीतरी सांगितलं आणि मला उसातून उचलून त्या खोलीत नेलं. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं, खोटं कशाला बोलू!

मुस्येची एक खोड होती. दरवर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी तो माझ्याकडून सगळी उजळणी करून घ्यायचा. रविवारी सकाळी मला उभं करायचं आणि विचारायचं, साखर म्हणजे काय? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "गोड." त्यानं मान हलवली. बशीत साखर घेतली, वर गंधकाचं तेजाब ओतलं. काय सांगू! साखर पिवळी पडली, मग तपकिरी, मग धूर सोडत काळी कुळकुळीत फुगून बशीबाहेर चढली. मी दाराकडं पळालो. मुस्ये हसत म्हणाला, "कोळसा! साखर म्हणजे कोळसा आणि पाणी. तेजाबानं पाणी पिऊन टाकलं, कोळसा उरला."

मी म्हटलं, "आणि गोडी कुठं गेली?"

त्यानं बशीतला कोळसा काडीनं टोकरला. मग म्हणाला, "मो पा कोने." म्हणजे ठाऊक नाही. हे शब्द मी त्याच्या तोंडून पुढं इतक्यांदा ऐकले, की मला वाटायला लागलं तोच या विद्येचा पहिला धडा असावा.

त्याचं म्हणणं असं, की जे जे जिवंत असतं किंवा जिवंतातून निघतं, ऊस, लोणी, तेल, दारू, केस, त्या सगळ्यात कोळसा असतो. सोबत दोन हवा. एक हलकी, इद्रोजेन. एक आपण श्वासात घेतो ती, ओक्सिजेन. या तिघांच्या मांडणीतून अर्धं जग होतं. मला समजावं म्हणून तो टेबलावर दाणे मांडायचा. कोळशाला चिंचोके, हलक्या हवेला तांदूळ, दुसरीला तूरडाळ. चिंचोके माझ्याकडं भरपूर असायचे. मी शेतातल्या चिंचेखालून चिंच गोळा करून ठेवायचो, भांडी घासायला.

एके रविवारी तो म्हणाला, ज्या साखरेचा दाणा धरत नाही तिचं आणि सिरक्याचं माप एकच आहे. कोळसा, हलकी हवा, दुसरी हवा, सगळं त्याच प्रमाणात. मी म्हटलं, "मग एक गोड आणि एक आंबट कसं?" त्यानं डोकं खाजवून दाणे मांडले. माणसं त्याच जातीची, पण एक पंगत लहान, एक मोठी, आणि बसायची जागा वेगळी. हे मला पटलं. पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं यावरून काय काय होतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण पुढं घोटाळा झाला. आधी त्यानं पाठ करून घेतलं होतं की पाण्यात दोघंच, एक तांदूळ आणि एक डाळ. मी दोन वर्षं तेच घोकलं. मग पॅरिसहून पुस्तकं आली आणि पाण्यात तिघं झाले. दोन तांदूळ, एक डाळ. मी म्हटलं, "मुस्ये, पाणी बदललं का?" तो म्हणाला, "पाणी तेच आहे. आम्ही बदललो." त्याच बोटीनं असंही आलं, की कोळशाचं वजन आजवर धरलं त्याच्या दुप्पट आहे आणि त्याला चार हात असतात. चारही हातांनी त्याला कुणाला तरी धरून ठेवावं लागतं, रिकामा हात चालत नाही. मी विचारलं, हे हात कुणी पाहिले? "मो पा कोने." मी चिंचोके परत डब्यात भरले. त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. सगुणा, माझी बायको, म्हणाली, "अवं, पाण्याकडं असं काय टकामका बघताय? प्या की!"

आमच्या लोकांनाही मी कारण नसताना शहाणा वाटायला लागलो होतो. म्हातारे बाबूकाका एकदा पांढऱ्या साखरेची पुडी घेऊन आले. म्हणाले, ही पांढरी करायला जनावराच्या हाडांचा कोळसा लावतात असं ऐकलं, खरं का? मी म्हटलं, खरं. मग म्हणाले, "तू तर सांगतोस साखरसुद्धा कोळसाच. मग हाडाचा कोळसा आणि साखरेतला कोळसा वेगळा का एकच?" मी म्हटलं, मुस्येच्या मतानं एकच. काका पुडी तिथंच ठेवून निघून गेले. पुढं वर्षभर ते माझ्या घरचं पाणी प्यायले नाहीत.

एकदाच मी मुस्येला गप्प केलं, तेही हळदीनं. रसात चुना जास्त झाला का ते बघायला त्याच्याकडं फ्रान्सहून आलेले पिवळे कागद होते. चुन्यात बुडवले की लाल व्हायचे. ते तो मोजून वापरायचा. मी घरून हळद आणली, चिंध्या रंगवल्या, वाळवल्या, चुन्याच्या पाण्यात बुडवल्या. लालभडक! आमच्या बायका हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यात काय मोठं? पण मुस्येनं चक्क टोपी काढली. तेव्हापासून रघूची जीभ आणि माझी हळद अशी जोडी चालली, आणि एकदाही चुकली नाही.

आता त्या हंगामाचं सांगतो.

दरवर्षी मोठ्या भट्ट्या पेटवायच्या आधी मुस्ये थोडा ऊस पिळून बघायचा. रघूनं त्यात चुना घालायचा, मी हळदीनं तपासायचा, मग तो रस छोट्या भांड्यात कढवून बशीत ओतायचा. दाणा धरला की मॅनेजर भट्ट्या पेटवायला सांगायचा. त्या वर्षी जुनं लोखंडी भांडं फुटलं म्हणून नवं तांब्याचं आलं होतं. काय सुरेख भांडं! मी त्याच्या प्रेमातच पडलो. रोज चिंचेनं घासायचो. तोंड दिसावं असं झळकायचं. मुस्ये म्हणाला, "ब्राव्हो, येसू!" त्या वर्षी पाण्याची ओरड होती, नदी आटलेली. म्हणून मी ते भांडं विसळत बसत नव्हतो, फडक्यानं पुसून ठेवत होतो.

पहिल्या दिवशी दाणा धरला नाही. बशीत नुसती काकवी. मुस्ये म्हणाला, ऊस कोवळा असेल. दुसऱ्या दिवशी वरच्या शेतातला ऊस आणला. पुन्हा काकवी. तिसऱ्या दिवशी नदीकाठचा चांगला पिकलेला ऊस. पुन्हा तेच! बशी तिरपी केली की पाक मधासारखा ओघळायचा.

मॅनेजर नवीन होता आणि मालक शनिवारी यायचा होता. मॅनेजर खोलीत आला, बशीत बोट घातलं आणि म्हणाला, "चुना कोण घालतो?" रघू पुढं झाला. मॅनेजरनं त्याच्या गेलेल्या डोळ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हा आंधळा?" मी म्हणालो, चुना बरोबर आहे, हळदीनं तपासलाय. तो म्हणाला, "मी माझा कारखाना हळदीवर चालवू का?" त्यानं तिथंच ठरवलं. रघूला रोझ बेलला पाठवायचं. तिथं मालकाची दुसरी कोठी होती, ऊस तोडायला माणसं कमी पडत होती. एका डोळ्यानं कोयता चालवायचा, उसाच्या पात्यांत, म्हणजे उरलेला डोळाही गेलाच समजा. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

रघू माझ्याकडं बघत उभा राहिला. मला इतकं वाईट वाटलं, की मी खाली मान घातली.

मुस्येचाही जीव कासावीस झाला. त्यानं मला उभं केलं. "येसू, सुरुवातीपासून म्हण. कुठंतरी चुकतोय आपण." मी म्हणायला लागलो. साखर म्हणजे कोळसा आणि पाणी. उसाची साखर म्हणजे दोन साखरांचं जोडपं. आसिद, म्हणजे तेजाब, लागलं आणि वर आच मिळाली, की पाणी मध्ये शिरतं आणि जोडपं मोडतं. मोडलेल्या दोघांचा दाणा होत नाही. सगळं बिनचूक म्हटलं. मुस्ये म्हणाला, "मग आसिद आलं कुठून?" आम्ही दोघं कपाटाकडं बघायला लागलो. तेजाबाच्या बाटल्या जागच्या जागी, बुचं घट्ट. मी एकेक बाटली मोजली. मुस्ये डोकं धरून बसला, आणि मी त्याच्यासमोर ते झळकणारं भांडं पुसत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघू बैलगाडीतून गेला. मी घरी आलो, जेवण पुढ्यात, नुसती ताटात बोटं फिरवत बसलो. सगुणानं विचारलं काय झालं. मी तिला जोडपं, पाणी, आसिद, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते आसिद म्हंजी काय वो?"

मी म्हटलं, "आंबट असतं. फार आंबट. बाटलीत असतं."

ती आमटी वाढता वाढता थांबली. "आंबट व्हय? आन् त्ये तांब्याचं भांडं तुमी चिंचेनं घासताय न्हवं? धुताय का न्हाई नीट?"

मी म्हटलं, "पुसतो की फडक्यानं."

"आवो, तुमचा बा गुऱ्हाळात व्हता न्हवं? काहिलीत आंबट पडलं तर गूळ धरतो का कदी?"

नाही धरत. माझा बाप गुळव्याच्या हाताखाली होता. काहिलीजवळ कुणी लिंबू घेऊन आलं तर तो काठी घेऊन धावायचा. मी पाच वर्षांचा असल्यापासून मला हे ठाऊक होतं! पण माझ्यासाठी आसिद म्हणजे काचेच्या बाटलीतलं, फ्रेंच नावाचं, धूर सोडणारं काहीतरी. चिंच म्हणजे चिंच. ती घरातली. ती मुस्येच्या पुस्तकात असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पान तसंच टाकून मी खोलीकडं पळालो आणि ते भांडं सात वेळा धुतलं.

त्या दुपारी नव्या माणसानं चुना घातला, मी रस कढवला आणि बशीत असा सुरेख दाणा धरला, की मुस्येच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरनं बशी उचलून सगळ्यांना दाखवली. "बघितलंत? त्या आंधळ्याचंच काम होतं."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण मॅनेजर हसत होता, नव्या माणसाच्या पाठीवर थाप मारत होता, आणि बोललो तर मी पुन्हा उसात जाणार हे मला समोर दिसत होतं. मी तोंड मिटलं. माझ्या धुतलेल्या भांड्यानं माझ्याच जहाजभावावर शिक्का मारला. लाज वाटते हे लिहायला, पण लिहितो.

दोन दिवस मला झोप नव्हती की अन्न नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुस्येला सगळं सांगितलं. त्यानं लगेच एकच रस दोन वेळा कढवून बघितला, एकदा भांडं चिंचेनं घासून, एकदा धुऊन. एका बशीत काकवी, एका बशीत साखर. तो पोरासारखा नाचायला लागला, वहीत खरडायला लागला. मी म्हटलं, "मुस्ये, आणि रघू?" तेव्हा तो भानावर आला. आम्ही दोघं मॅनेजरकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि खो खो हसला. "चिंच? बरं झालं, कळलं. पण भट्ट्या पेटल्यात, तिकडं माणूस हवाच आहे. राहू दे त्याला तिथं." मला त्यानं काढलंसुद्धा नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं पुढं कितीदा वाटलं.

कोठीबाहेर जायला मॅनेजरच्या सहीचा कागद लागायचा, तेवढा मात्र दिला. रविवारी पहाटे निघालो आणि चालत दुपारी रोझ बेलला पोचलो. रघू झोपडीच्या दारात बसला होता. दोन्ही हात पात्यांनी कापलेले, गालावर डोळ्याखाली ताजी जखम, अगदी काठावर. मला बघून म्हणाला, "ये येशा. बस."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चिंच, भांडं, सगुणा, दोन दिवस गप्प बसलो तेही. त्यानं शांतपणे ऐकलं.

"चिंच व्हय," तो म्हणाला. "ती मला पैल्याच दिवशी लागली की. रस कढवायच्या आधी चाखला तवा बरोबर व्हता. कढवल्यावर बशीतला चाखला, तर जिभंवर चिंच."

मी त्याच्यासमोर खाली बसलो. "मग बोलला का नाहीस रे?"

"म्यां तुझ्याकडं बघितलं. तू खाली मान घातलीस. म्हटलं, येशाला ठावं हाय. त्यानं काय त्ये ठरवलंय. त्याला ती खोली सोडवत नसंल, त्याला घरसंसार हाय. मग आपुन कशाला त्याचं नाव घ्यायचं?"

"मला ठाऊक नव्हतं रघ्या! देवाशपथ सांगतो, मला कळलंच नव्हतं!"

रघूनं मान वळवली, चांगला डोळा माझ्याकडं येईल अशी. रागावला नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. तो नुसता गोंधळून गेला होता.

"गुळव्याच्या पोरा," तो म्हणाला, "आंबटानं साखर बिघडती, ह्ये तुला ठावं नव्हतं? मग येवढी वर्सं त्या मुस्येपाशी तू शिकत व्हतास तरी काय?"